राक्षसींचे बेट: अजिंठ्याच्या अद्भुत चित्रांचे वाचन

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या मंडपात उजव्या हाताची भिंत एका समुद्रकथेने व्यापली आहे. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे वाण्यांचा तांडा घेऊन समुद्रावर जातो. जहाज फुटते आणि वाचलेले लोक ताम्रद्वीप नावाच्या बेटाला लागतात. तिथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, संसार थाटतात, पण त्या खऱ्या राक्षसी असतात. आधी आलेले व्यापारी लोखंडी कोटात कोंडून त्यांनी एकेक करून खाल्लेले असतात. बोधिसत्त्व बलाह नावाचा पांढरा उडता घोडा होऊन येतो. मागे वळून न पाहणाऱ्यालाच तो पैलतीरी नेणार असतो. बाकीचे मागे पाहतात आणि पडतात, सिंहल तेवढा परततो. एक राक्षसी मूल कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग येते, त्याची टाकलेली बायको म्हणून राजापुढे उभी राहते आणि राजाच तिच्या रूपाला भुलून तिला अंतःपुरात घेतो. त्या रात्री ती आपल्या बहिणींना बोलावते. सकाळी वाड्यावर गिधाडे घिरट्या घालताना दिसतात. नगरजन सिंहलाला राज्याभिषेक करतात, आणि तो हत्ती, घोडे, पायदळ जहाजांत भरून बेटावर चाल करून जातो.

हे चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. ज्याने ते काढवून घेतले त्याचा खानदेशाशी संबंध आहे, आणि हा संबंध फारसा सांगितला जात नाही. लेण्याच्या ओसरीत एक मोठा संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात एका मांडलिक घराण्याची दहा पिढ्यांची वंशावळ आली आहे. कृष्णदास राजाला दोन मुलगे होते. धाकटा रविसांब अकाली वारला, आणि त्या दुःखाने विरक्त झालेल्या थोरल्याने आपले धन दानधर्मात घातले, असे लेख सांगतो. हा मंडप, पाण्याचे टाके आणि पश्चिमेकडील गंधकुटी, म्हणजे आजचे एकोणिसावे लेणे, हे सारे त्याचेच दान. दगड झिजल्याने त्याचे स्वतःचे नाव नीट वाचता येत नाही. अमेरिकी संशोधक वॉल्टर स्पिंक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. वत्सगुल्म, म्हणजे वाशीम येथील वाकाटक सम्राट हरिषेण हा त्याचा अधिपती होता. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या घराण्याचा प्रदेश ऋषिक, म्हणजे तापीखोऱ्यातला आजचा खानदेश ठरवला आणि ते मत अभ्यासकांत बहुतेक मान्य झाले. तेव्हा राक्षसींच्या बेटाची भिंत ही खानदेशच्या एका राजाची देणगी ठरते.

खोऱ्यातल्या राजाला समुद्राची कथा का हवी होती, याचे उत्तर रस्त्यांत आहे. उज्जैन आणि माहिष्मतीकडून येणारी वाट तापी ओलांडून अजिंठ्याच्या घाटाने चढत पैठणला जाई. दुसऱ्या वाटा भडोच आणि सोपारा या बंदरांना मिळत. तांडे याच वाटांनी जात, आणि विहारांना दान देणाऱ्यांत व्यापारी पहिल्यापासून होते. त्यांची भीती ठरलेली: जहाज फुटणे, अनोळखी किनारा, तिथल्या बायकांच्या नादी लागून भांडवल आणि जीव दोन्ही गमावणे. सिंहलाची कथा या भीतीलाच दात आणि नखे देते. दुसऱ्या लेण्यात हीच भीती अगदी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून आली आहे. तिथे पूर्ण नावाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. तो भिक्षू होतो. चंदन तोडून परतणाऱ्या त्याच्या भावाच्या जहाजावर चंदनवनाचा मालक असलेला यक्ष वादळ सोडतो, आणि पूर्ण आकाशमार्गाने येऊन जहाज वाचवतो. तीन डोलकाठ्यांचे, नाळेवर डोळा रंगवलेले, मडकी रचून ठेवलेले ते जहाज भारतीय नौकानयनाच्या पुस्तकांत वारंवार छापले जाते. यक्षाचे वादळ मात्र त्या पुस्तकांत क्वचितच येते.

अद्भुताला विहारात जागा होती ती चित्रकाराच्या लहरीने मिळालेली नव्हती. मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयग्रंथात विहार कसा रंगवावा याचे नियमच दिले आहेत: बाहेरच्या दाराशी दंडधारी यक्ष, ओसरीत संसारचक्र, आतल्या भिंतींवर जातके, बुद्धाच्या गाभाऱ्याच्या दाराशी हार घेतलेले यक्ष, पाण्याच्या जागी घट घेतलेले नाग, कोठ्यांच्या दारांवर हाडांचा सापळा. अजिंठ्यात हे सगळे शब्दशः पाळलेले नाही, पण मांडणीचा विचार तोच आहे. कुठला अमानुष जीव कुठे राखण करील, कुठे भीती घालील आणि कुठे सेवा करील हे ठरलेले होते. एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागातले यक्ष आणि बाजूच्या भिंतीवरचा सप्तफणी नागराज, त्याच्या शेजारी बसलेली राणी, ही मंडळी शोभेपुरती नाहीत. त्यांच्याकडे कामे सोपवलेली आहेत.

दिव्यावदान या संस्कृत कथासंग्रहात या नियमाला जोडून आणखी एक सूचना येते, आणि ही चित्रे वाचताना पुढे झालेल्या सगळ्या घोटाळ्यांची किल्ली तिच्यात आहे. बुद्ध दाराशी संसारचक्र रंगवायला सांगतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमायलाही सांगतो. म्हणजे चित्र एकटे बोलेल अशी अपेक्षा मुळातच नव्हती. महाराष्ट्रात ही रीत पुढेही टिकली. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक पान उभे धरून रामायणातले राक्षस गाऊन सांगत. पैठण शैलीच्या नावाने ओळखली जाणारी चित्रेही अशाच सांगणाऱ्याच्या हातातली आहेत. गाणारा गेला की ते पान म्हणजे डोळे वटारलेली काही माणसे, एवढेच उरते.

सतराव्या लेण्यात अडचण आणखी वाढते, कारण तिथले प्रसंग काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. आधीचे डावीकडे, नंतरचे उजवीकडे अशी ओळ चित्रकाराने धरलेली नाही. बेटावर जे जे घडले ते एका बाजूला, राजवाड्यात जे घडले ते दुसऱ्या बाजूला, असा जागेनुसार मेळ घातला आहे. त्यामुळे एकच सिंहल एकाच भिंतीवर अनेकदा दिसतो, आणि त्याची सुटका व त्याची स्वारी एकमेकांना खेटून येतात. कथा ठाऊक असलेल्याला यात अडखळायला होत नाही. तो थेट त्या जागेकडे पाहतो आणि तिथे काय काय झाले ते आठवतो.

अमानुष रंगवण्याची पद्धतही लक्ष देण्याजोगी आहे. राक्षसी जोवर मोहात पाडते आहे तोवर चित्रकाराने तिला जराही वेगळे केलेले नाही. तिचे डोळे, कमरेचा बाक, दागिने इतर राजस्त्रियांसारखेच आहेत, आणि राजापुढे मूल घेऊन आलेली बाई पाहून पाहणाराही राजाइतकाच फसतो. खरे रूप लढाईच्या आणि वाड्यातल्या संहाराच्या प्रसंगातच उघडे होते: सुळे, मोकळे केस, ताणलेले अंग. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाभोवतीचे किन्नर अर्धे पक्षी आहेत, पण चेहऱ्याने शांत वादक. छतांवरचे बुटके गण गुबगुबीत आणि थट्टेखोर. त्याच लेण्यात बुद्धावर चालून आलेल्या माराच्या सैन्यात मात्र विद्रूपाला सीमा नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात देव, गंधर्व, दैत्य, राक्षस कसे रंगवावेत याचे नियम आहेत. अजिंठ्याचे कारागीर त्या ग्रंथावरून काम करत होते असे म्हणता येत नाही, पण असे नियम मुरलेल्या परंपरेतले ते होते, हे रेषेवरून दिसते. माती, भाताचा तूस आणि तंतूंचा गिलावा, वर चुन्याचा पातळ थर आणि कोरड्या भिंतीवर रंग, अशी ही रीत होती. निळा रंग बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्दापासून केलेला. म्हणजे व्यापाऱ्यांची ती वाट खुद्द रंगातही आलेली आहे.

ही भरभराट फार टिकली नाही. स्पिंक यांच्या मांडणीनुसार अजिंठ्याचे हे दुसरे पर्व सुमारे ४६० ते ४८० एवढ्या वीस वर्षांत आटोपले. मांडलिक आपसांत भिडले, त्यांतल्या अश्मकांनी ऋषिकांचा पाडाव केला, आणि ४७७ च्या सुमारास हरिषेण वारला. सव्विसाव्या लेण्यातला बुद्धभद्राचा लेख अश्मकांच्या मंत्र्याचे, भव्विराजाचे नाव घेतो, ऋषिकांचे नाही. स्पिंक यांचा कालक्रम सगळ्यांना मान्य नाही, विशेषतः इतका आखूड काळ अनेकांना खटकतो. तरी दात्यांचा ओघ अचानक आटला, कामे अर्धवट राहिली, यात वाद नाही. पुढे भिक्षू गेले, सांगणारा गेला, आणि वाघूर नदीच्या वळणावरच्या या खडकाकडे तेराशेहून अधिक वर्षे गुराखी, साधू आणि वटवाघळे यांखेरीज फारसे कोणी फिरकले नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले. अजिंठ्याचा घाट ही या नव्या जिल्ह्याची दक्षिण सीमा होती, वर निजामाचा मुलूख. त्याच सीमेवर २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेचा जॉन स्मिथ शिकारीला आला असताना त्याला दहावे लेणे दिसले. तिथल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख खरडली. ते अजून वाचता येते, आणि जिथे कोरले आहे ती उंची पाहता तेव्हा लेण्यात किती माती भरलेली होती हेही कळते.

स्मिथनंतर जे आले त्यांतल्या काहींनी लिहिले, काहींनी नासवले. लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडरने १८२४ मधल्या भेटीचे वर्णन छापले. डॉ. जेम्स बर्ड यांच्या नावावर मात्र भिंतीवरची मुंडकी खरवडून काढल्याचा डाग आहे. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिलला नकला करायला धाडले. तो अजिंठा गावातच राहिला आणि वीस वर्षे मोठे तैलरंगी पट रंगवत राहिला. त्यांतले बहुतेक पट लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेले होते आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जळून गेले. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी असलेल्या त्याच्या संबंधावर ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' ही दीर्घ कविता लिहिली. मराठी वाचकाला गिल ठाऊक आहे तो या कवितेमुळे. त्याने नकललेल्या चित्रांच्या अर्थाशी त्या प्रेमकथेचा काही संबंध नाही.

अर्थाकडे जाण्याचे पहिले पक्के पाऊल चित्रांतून नव्हे तर लेखांतून पडले. १८६३ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे लेख उतरवून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी जेम्स बर्जेसबरोबर ते पुन्हा तपासले. राजे, मंत्री, दाते यांची नावे मिळाली. पण भिंतीवर काय चालले आहे, हे लेख सांगत नव्हते. तेव्हा जो तो आपल्याजवळची किल्ली लावू लागला.

पहिला घोळ सतराव्या लेण्याच्या ओसरीतच झाला. तिथे डाव्या भिंतीवर एका मोठ्या चक्राचा तुकडा उरला आहे. आऱ्यांमधल्या कप्प्यांत माणसे, घरे, प्राणी. सुरुवातीच्या प्रवाशांना ते राशिचक्र वाटले, आणि लेण्याला राशिचक्राचे लेणे असे नाव पडून ते बराच काळ चालले. १८९० नंतरच्या दशकात एल. ए. वॅडेल यांनी हा घोळ सोडवला. ते लष्करी डॉक्टर, पण सिक्कीम-दार्जिलिंगकडच्या बौद्ध मठांत त्यांनी दाराशी रंगवलेली भवचक्रे, म्हणजे संसारचक्रे, पाहिली होती आणि ती समजावून सांगणारे लामाही तिथे होते. अजिंठ्याचे चक्र त्याच जातीचे आहे हे त्यांनी ओळखले. सांगणारा जिथे अजून जिवंत होता तिथून अर्थ आणावा लागला.

दुसरा घोळ मोठा आणि चिवट. पहिल्या लेण्यात सिंहासनस्थ राजापुढे उंच टोप्या, दाढ्या आणि पायघोळ अंगरखे घातलेले परदेशी लोक नजराणे घेऊन येतात. वास्तुकलेचा नामवंत इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये हा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि समोर इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील, असे जाहीर केले. अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी या दोन राजांच्या पत्रव्यवहाराचा उल्लेख करतो, त्यामुळे जोड बसल्यासारखी वाटली. तिची किंमत अशी की सातव्या शतकातल्या पुलकेशीच्या नावाने लेणेही त्याच शतकात ढकलले गेले आणि अजिंठ्याचा अख्खा कालक्रम वाकडा झाला. हा विहार हरिषेणाच्या काळातला, म्हणजे पुलकेशीच्या दीडशे वर्षे आधीचा, हे नंतरचे संशोधन मानते. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांच्या मते तो राजा महासुदर्शन, बुद्धाचा एक पूर्वजन्म, आहे. परदेशी लोक खरेच इराणी वळणाचे आहेत, कारण चित्रकाराने ते बाजारात पाहिले होते; प्रसंग मात्र कथेतला आहे.

तिसरा घोळ सिंहलाच्या भिंतीचा. जहाजांतून उतरणारे हत्ती, लढाई, राज्याभिषेक एवढे एकत्र दिसल्यावर इतिहास शोधणाऱ्या डोळ्यांना दुसरे काय सुचणार? लंकेची बखर महावंश १८३७ मध्ये इंग्रजीत आली होती. तिच्यात सातशे साथीदारांसह लंकेत उतरलेल्या विजय राजपुत्राची हकिकत आहे. भिंतीवरची स्वारी विजयाची ठरली आणि जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांच्या १८९६-९७ च्या भव्य ग्रंथातही ती तशीच गेली. हा घोळ निव्वळ अज्ञानाचा नव्हता. विजयालाही बेटावर कुवेणी नावाची यक्षिणी भेटतेच. पण पांढरा उडता घोडा, मूल घेऊन आलेली बाई आणि गिधाडे यांना त्या वाचनात जागा सापडेना, तेव्हा तीच बाजूला टाकली गेली. चित्रातले जे अद्भुत तेच निकामी समजणे, ही त्या शतकाची खोड. १९२० च्या सुमारास निजाम सरकारच्या विनंतीवरून फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे अजिंठ्याला आले. गांधार शिल्प आणि संस्कृत अवदाने यांचा त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी दिव्यावदानातली कथा भिंतीला लावली आणि घोड्यासकट सगळे प्रसंग जागेवर बसले.

फूशे यांनी ज्या कथारूपाचा आधार घेतला तो महत्त्वाचा आहे. पाली वलाहस्स जातकातही उडता घोडा आहे, पण तिथे पाचशेपैकी अडीचशे जण सुटतात आणि कथा तिथेच थांबते. पाठलाग करणारी राक्षसी, राजाचा नाश, स्वारी यांतले काहीच नाही. सातव्या शतकात महाराष्ट्रातून गेलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संगही सिंहलाची लांब कथा सांगतो. म्हणजे ऋषिक राजाने निवडलेले रूप पाली ग्रंथांतले नसून संस्कृत परंपरेतले, आणि त्यात शेवटी व्यापारी राजा होतो. आपल्या भिंतीवर राक्षसीला भुलून मेलेला राजा आणि त्याच्या जागी बसलेला शहाणा व्यापारी रंगवून घेणारा हा मांडलिक धीट म्हटला पाहिजे.

तोवर मूळ चित्रांची अवस्था बिकट झाली होती. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या मुंबईच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत केलेल्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या; त्याआधी चित्रांवर चढवलेल्या वार्निशाने मूळ रंग पिवळे पडले ते वेगळेच. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या हाताखाली नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती तरुणांनी नव्या नकला केल्या आणि बंगालच्या कलाचळवळीला अजिंठ्याची रेषा मिळाली. हैदराबाद संस्थानाने इटलीहून जाणकार बोलावून सुटलेला गिलावा बसवून घेतला, आणि गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरील ग्रंथाचे चार भाग १९३० ते १९५५ दरम्यान निघाले. फूशे यांच्या ओळखी त्यांत पक्क्या झाल्या आणि सर्वसामान्य वाचकापर्यंत आल्या.

स्वातंत्र्यानंतर वाचनाला दोन दिशा फुटल्या. श्लिंगलॉफ यांनी आयुष्य घालून एकेका तुकड्याला संस्कृत, पाली, चिनी, तिबेटी ग्रंथांतली कथा जोडली. त्यांच्यामुळे निनावी भिंती फार थोड्या उरल्या. पुण्याचे म. के. ढवळीकर उलट बाजूने आले. १९७३ मध्ये त्यांनी अजिंठ्याचा सांस्कृतिक अभ्यास प्रसिद्ध केला: कपडे, केशरचना, भांडी, वाद्ये, घरे, जहाजे. राक्षसीचे बेट कधीच नव्हते, पण तिच्या घराचे खांब, तिच्या अंगावरचे पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र, सिंहलाच्या हत्तीची झूल ही पाचव्या शतकातल्या दख्खनची आहेत. फर्ग्युसन यांनी प्रसंग इतिहास म्हणून घेतला आणि ते फसले. ढवळीकरांनी प्रसंग कथेला ठेवून वस्तू तेवढ्या इतिहासाला घेतल्या, आणि ही रीत टिकली.

१९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारसा यादीत आले. पहिल्या लेण्यातल्या त्या चित्राला 'इराणी वकिलात' म्हणण्याची सवय अजून मोडलेली नाही. जळगावहून लेण्यांजवळचे फर्दापूर साठेक किलोमीटर आहे, लेणी सोमवारी बंद असतात, आणि सतराव्या लेण्यात उजेड बेताचाच ठेवलेला असतो. जाणाऱ्याने सिंहलाची कथा आधी वाचून जावे आणि उजव्या भिंतीवर पहिल्यांदा पांढरा घोडा शोधावा. तो सापडला की बाकीचे प्रसंग लावता येतात.